सात नंबरचा शर्ट

मी भांडी विकतो आणि भांड्यांवर नावं टाकतो. गेवराईच्या बाजारपेठेत आमचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. लग्नाची भांडी घेतली की लोक त्यांवर नाव टाकून मागतात, आणि नाव टाकण्याबद्दल वडिलांनी माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवली होती. स्टीलवर चुकलेलं नाव पुसता येत नाही. चुकलं तर ते भांडं खोडाखोड करून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचं नाही, गुपचूप वरच्या फळीवर ठेवायचं. फळी भरली की ती भांडी आमच्या घरी जातात. त्यामुळे आमच्याकडं डाळ कुणा राधाकिशनच्या पातेल्यात शिजते आणि पाणी आम्ही कौशल्याबाईंच्या तांब्यानं पितो. या कौशल्याबाई कोण, ते आता कुणालाच आठवत नाही.

माझा दुसरा उद्योग म्हणजे ब्लॉग. ‘गेवराईचं मैदान’ हे त्याचं नाव. तालुक्यातल्या शाळांचे खो-खो, कबड्डी, धावण्याच्या शर्यती, सगळं मी त्यावर लिहितो. सहा वर्षांपूर्वी एका पेपरात बातमी आली होती, अमुक विद्यालयाच्या मुलींचे घवघवीत यश. खाली संस्थेचे अध्यक्ष, सचिव, मुख्याध्यापक, प्रमुख पाहुणे आणि प्रमुख पाहुण्यांचे बंधू, सगळ्यांची नावं. खेळलेल्या मुलींपैकी एकीचंही नाव नाही. माझं डोकंच फिरलं. त्याच दुपारी पुतण्याकडून ब्लॉग कसा काढायचा ते शिकून घेतलं आणि माथ्यावर दोन नियम लिहिले. एक, संघातल्या बाराच्या बारा जणांची नावं येणार, हरलेल्यांचीसुद्धा. दोन, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी लिहिणार नाही.

शिवाय दरवर्षी तालुका स्पर्धेत जी मुलगी सगळ्यात भारी खेळेल तिला दुकानातर्फे नाव टाकलेला तांब्या. माझी बायको गंगासागर म्हणते की या माणसाला नावं टाकायचं व्यसन आहे, भांडी संपली म्हणून आता पोरांची नावं टाकतोय. म्हणू दे. वाचते मात्र ती सगळ्यात आधी.

तर गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. मुलींच्या खो-खोची तालुक्याची फायनल होती. एका बाजूला गेवराईतली मुलींची शाळा, सत्यभामा मॅडमची. या बाई वीस वर्षं खो-खो शिकवतात आणि त्यांचा संघ हरला तर तालुक्यात ती बातमी होते. दुसऱ्या बाजूला चकलांब्याकडच्या एका फाट्यावरची छोटी शाळा. तिचे रामहरी सर शिकवतात भूगोल, आणि खो-खो त्यांच्या गळ्यात पडलेला. या फाट्याच्या मुली फायनलला आल्या याचंच लोकांना नवल.

शेवटचा डाव होता. गेवराईच्या मुली पाठलाग करणार, फाट्याच्या मुली पळणार. तेवढ्यात मंडपातून माझं नाव पुकारलं गेलं. आपल्या तालुक्याचे क्रीडा पत्रकार वैजिनाथअप्पा यांचा सत्कार, त्यांनी व्यासपीठावर यावं. आता खरं सांगतो, सहा वर्षं मी या सत्कारांच्या याद्यांवर तोंडसुख घेत आलोय. पण माइकवरून आपलं नाव ऐकलं की पाय आपोआप चालतात. पंचायत समितीचे माजी सदस्य अमरसिंहदादा यांनी मला शाल दिली, हातात नारळ दिला आणि डोक्यावर फेटा ठेवला. फेटा मोठा होता, तो भुवयांवर आला. फोटोवाल्यानं चार वेळा इकडं बघा, इकडं बघा केलं. मैदानात शिट्ट्या आणि आरडाओरडा चालला होता तो मला फक्त ऐकू आला.

खाली आलो तेव्हा फाट्याच्या मुली जिंकून नाचत होत्या. गुणलेखकाचा कागद पाहिला. सात नंबर, वैष्णवी अमरसिंह, चार मिनिटं दहा सेकंद. म्हणजे निम्मा डाव त्या पोरीनं एकटीनं खाल्ला होता. ज्यांनी मला शाल दिली त्यांचीच ही मुलगी, म्हणून मला जरा जास्तच आनंद झाला, हेही लपवत नाही.

घरी येऊन लिहायला बसलो. काय पाहिलं ते आठवेना, कारण पाहिलंच नव्हतं. पण सहा वर्षांत हात सरावलेला असतो. वैष्णवीच्या पायात भिंगरी होती, खांबाजवळ तिनं दोन वेळा अशी हुलकावणी दिली की पाठलाग करणारी समोर बसलेल्या मुलींच्या पाटीत जाऊन पडली, असं बरंच काही मी लिहून टाकलं. गंगासागरनं वाचलं आणि विचारलं की तुम्ही तर तेव्हा मंडपात होतात ना, फेट्यातला फोटो आलाय मोबाइलवर. मी म्हणालो, एक डोळा मैदानावर होता.

ते लिखाण इतकं चाललं की मीच चकित झालो. एरवी तीनशे लोक वाचतात, या वेळी चार हजार झाले. दोन दिवसांत फाट्यावर आणि गेवराईच्या चौकात फ्लेक्स लागले. अमरसिंहदादांचा फोटो सगळ्यात मोठा, वर नेत्यांची रांग, खाली कोपऱ्यात वैष्णवी आणि माझंच वाक्य, पायात भिंगरी असलेली आपली कन्या. मी तांब्यावर नाव टाकलं. वैष्णवी. तालुका खो-खो. ४ मिनिटे १० सेकंद. रामहरी सर स्वतः दुकानात येऊन घेऊन गेले. माझ्या नजरेला नजर न देता गेले, पण भूगोलाचा माणूस, असेल स्वभाव, असं मला वाटलं.

पंधरा दिवसांनी, गुरुवारी दुपारी, वैष्णवी दुकानात आली. उंच, धिप्पाड पोरगी. कापडी पिशवीतून तिनं तो तांब्या काढला आणि गल्ल्यावर ठेवला. आधी पाणी मागितलं. मग म्हणाली, “अप्पा, ते मी न्हवते. शर्ट माजा व्हता, मदी रुद्राणी व्हती.”

मला काही कळेना, तेव्हा तिनं नीट सांगितलं. संघाचे शर्ट तिच्या वडिलांनीच दिले होते. पोरी वाढत्या अंगाच्या आहेत म्हणून सगळे एकाच मापाचे, मोठे. फक्त आपल्या लेकीचा सात नंबरचा शर्ट दादांनी हौसेनं वेगळा शिवून घेतला, पण माप दिलं दोन वर्षांपूर्वीचं, त्यामुळं तो लहान झाला. आणि संघात सगळ्यात चपळ कोण, तर रुद्राणी. फाट्यावर किराणा दुकान चालवणाऱ्या योगीराज यांची मुलगी, अंगानं चिमणीएवढी. मोठा शर्ट तिच्या अंगावर झोळीसारखा लोंबायचा. खो-खोत शर्टाचा घोळ पाठलाग करणारीच्या हाताला लागला तरी पंच गडी बाद देतात. सैल शर्ट म्हंजे शेपूट, असं या मुली म्हणतात. म्हणून रुद्राणीची पळायची पाळी आली की वैष्णवी मैदानाबाहेर, मुलींच्या घोळक्याआड तिला आपला शर्ट द्यायची आणि तिचा अकरा नंबरचा घालून बाहेर बसायची. सगळं वर्षभर हेच चाललं होतं. वैष्णवीला तो शर्ट घट्टच पडायचा, पण रुद्राणीच्या अंगावर तो बरोबर बसतो हे तिच्या ध्यानात आलं होतं.

माझा पारा चढला. मी तिलाच झापलं. “आदी कावून सांगितलं न्हाईस?”

“आमाला वाटलं तुमी बघत व्हते,” ती म्हणाली. “तुमी लिहिलंय ना वर, डोळ्यांनी बघूनच लिहिता म्हणून. मग वाटलं, अप्पांनी मुद्दामच माजं नाव टाकलं असंल, दादांसाठी.”

एवढं लागेल असं मला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं, आणि पोरगी टोचायला बोललीच नव्हती. खरं तेच सांगत होती.

तिचं खरं काम पुढंच होतं. सोमवारी बीडला जिल्ह्याच्या संघाची निवड होणार होती. प्रत्येक तालुक्यातून दोन मुली बोलावल्या होत्या, गुणलेखकाच्या कागदावरून. पत्र वैष्णवीच्या नावानं आलं होतं. घरी तिनं वडिलांना सांगून पाहिलं, पण त्यांनी हसून सोडून दिलं. म्हणाले, संघ एकच, शर्ट आपलाच, आणि फ्लेक्स तर लागून गेलाय. वैष्णवीला स्वतःच्या फजितीची फिकीर नव्हती. तिथं दीड मिनिटात बाद होईन, होईन तर होईन, म्हणाली. पण रुद्राणीचं वय या गटात एवढंच वर्ष बसत होतं. सोमवारी ती बीडच्या मैदानावर नसली तर नंतर कधीच नसणार होती.

“तांब्यावरचं नाव खोडून तिचं टाका,” जाताना ती म्हणाली. खोडता येत नाही, असं मी सांगितलं आणि तांब्या वरच्या फळीवर ठेवला.

मी लगेच रामहरी सरांना फोन लावला. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी अक्षरशः हात जोडले, फोनवरूनही मला ते दिसले. अप्पा, लिहू नका, म्हणाले. गुणलेखकाला न सांगता शर्ट बदलला हे छापून आलं की समोरची शाळा हरकत घेणार, मग आमचा कप जाणार, बाराही पोरी रडणार आणि त्यात रुद्राणीही आली. आजवर आमच्या शाळेत एक कप आला नव्हता हो.

फोन ठेवला आणि हिशेब मांडला. लिहिलं तर बारा मुलींचा कप जातो, नाही लिहिलं तर एकीचं सगळंच जातं. पण मन इतकं लबाड असतं की त्यात मला सरांचं म्हणणं फार पटायला लागलं. मुलींसाठी गप्प बसावं, असं मी स्वतःला समजावू लागलो. जेवताना हे गंगासागरला सांगितलं. ती म्हणाली, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. कपाची काळजी तुम्हाला आज वाटतेय की शालीची, ते आधी बघा. मी जेवण अर्धं टाकून उठलो, कारण ती बरोबर बोलली की मला नेहमीच राग येतो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी सत्यभामा मॅडमच्या शाळेत गेलो. त्या मैदानावर मुलींकडून चुन्याच्या रेषा आखून घेत होत्या. मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. मी कुठं होतो, काय न बघता लिहिलं, शर्ट कुणाचा होता आणि सरांना कशाची भीती आहे. हरकत घ्यायची असेल तर तुमचा हक्क आहे, असंही म्हणालो. मॅडमनी चुन्याचं घमेलं खाली ठेवलं.

“अप्पा, माज्या पोरी पंधरा दिवस तुमचं वाचून हसतायत. त्यांच्या नाकासमोर चार मिनिटं कोण नाचत व्हतं ते त्यांना काय माहीत न्हाई? आमी पोरीला हरलो. शर्टाला न्हाई हरलो.”

मग त्यांनी वर्गातून वही मागवली आणि उभ्या उभ्या जिल्हा संघटनेच्या सचिवांना पत्र लिहिलं. अंतिम सामन्यात आमच्याविरुद्ध चार मिनिटं दहा सेकंद पळालेली मुलगी रुद्राणी योगीराज होय, आम्हाला निकालाबद्दल तक्रार नाही, या मुलीला निवडीला बोलवावं. खाली सही, शिक्का. वर मला बजावलं की त्या शाळेला मापाचे शर्ट घ्यायला सांगा, आणि तुम्ही पुढच्या वेळी मंडपात दिसलात तर मीच हरकत घेईन.

दुकानात येऊन मी लिहायला बसलो. आयुष्यात इतकं छोटं कधी लिहिलं नव्हतं. तालुका फायनलमध्ये सात नंबरच्या शर्टात रुद्राणी योगीराज पळाली. तिचं नाव मी चुकवलं. ती पळत होती तेव्हा मी मंडपात शाल घेत होतो आणि फेटा माझ्या डोळ्यांवर आला होता. जे पाहिलं नाही ते मी पाहिल्यासारखं लिहिलं. वैष्णवीनं ही चूक स्वतः येऊन सांगितली. एवढंच. पाठवायच्या बटणावर बोट ठेवून मी बराच वेळ बसलो होतो, मग एक गिऱ्हाईक आलं म्हणून पटकन दाबलं.

लोकांनी धुतलं मला. अप्पा, शाल परत करा. अप्पा, फेटा मापाचा घ्या. सगळं वाचलं, एकही पुसलं नाही. सचिवांना पत्राचा फोटो पाठवला. हरलेल्या संघाच्या बाईंनी जिंकलेल्या मुलीची शिफारस केल्याचं पत्र त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिलं, म्हणाले. जागा देतो असं म्हणत नाही, पण घेऊन या, पळू द्या, बघू.

शनिवारी अमरसिंहदादा दुकानात आले. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. ते स्टुलावर बसले, एक पातेलं उचलून उगाच उलटंपालटं केलं. “फोन तर करायचा व्हता अप्पा,” म्हणाले. चौकात लोक त्यांना भिंगरी म्हणून हाक मारायला लागले होते. मी माफी मागितली, मनापासून. शालीची घडी काढून समोर ठेवली. त्यांनी ती बाजूला सारली.

“शालीचं ऱ्हाऊ द्या. पोरगी दोन दिवस जेवताना बोलली न्हाई माज्याशी. आता त्या फ्लेक्सचं काय करायचं ते सांगा.”

रविवारी सकाळी चौकात नवा फ्लेक्स होता, आधीच्यापेक्षा मोठा. दादा होतेच, नेत्यांची रांगही होती, पण मधोमध रुद्राणीचा फोटो, शेजारी वैष्णवी, आणि वर लिहिलेलं, आमच्या फाट्याच्या दोन वाघिणी. माणूस काही बदलला नव्हता, पण फ्लेक्स सुधारला होता. मी थांबून दोन्ही नावं नीट वाचली.

सोमवारी दुकान बंद ठेवलं. दादांच्या जीपमधून आम्ही बीडला गेलो, दोघी मुली, योगीराज, रामहरी सर आणि मी. वैष्णवी पत्रानुसार खेळायला हजर होतीच. तिथं सगळ्यांना संघटनेचे शर्ट मिळाले. एकाच मापाचे, मोठे. योगीराजांचा चेहरा पडला. वैष्णवीनं मात्र पिशवीतून सुई-दोरा काढला, रुद्राणीला कडुनिंबाखाली उभं केलं आणि अंगावरच शर्टाच्या दोन्ही बाजू टाके घालून घट्ट करून दिल्या. जणू हे असं होणार हे तिला ठाऊकच होतं. सर मान खाली घालून दोरा धरून उभे होते.

मी खांबाच्या जवळ मातीत जाऊन बसलो. मोबाइल खिशात ठेवला. थोड्या वेळानं एक ओळखीचा कार्यकर्ता आला, अप्पा, वर खुर्चीवर चला, पाहुण्यांच्या हस्ते तुमचं स्वागत ठेवलंय. मी हातानंच नको म्हणालो. तो पुन्हा आला तेव्हा माझी नजर मैदानावरून हलली नाही, त्यामुळं तो कोणता चेहरा करून गेला ते मला सांगता येणार नाही.

रुद्राणी दुसऱ्या तुकडीत उतरली. पहिलं मिनिट ती नुसती चालत होती असं वाटलं, पाट्यांमधून वाट काढत, एकदा इकडं, एकदा तिकडं. मग एक लांब हाताची, आष्टीची मुलगी तिच्यामागं लागली. रुद्राणी खांबाकडं सरळ धावली आणि अगदी शेवटच्या पावलाला खाली बसल्यासारखी वाकली. लांब हात तिच्या पाठीवरून गेला. शर्ट हाताला लागला नाही. वैष्णवी माझ्याशेजारी उकिडवी बसून माझ्या मनगटावर नखं रुतवत होती. तीन मिनिटं पस्तीस सेकंद. त्यातल्या प्रत्येक सेकंदाला मी तिथं होतो. माझे डोळे भरून आले आणि ते पुसायलाही मी हात वर नेला नाही, न जाणो मध्ये काही निसटेल.

दुपारी चारला नावं वाचली. बारा मुलींत रुद्राणीचं नाव अकरावं. वैष्णवीचं नव्हतं, ती खरोखरच दीड मिनिटात बाद झाली होती आणि स्वतःच हसत होती. योगीराज फोनवर घरी सांगायला गेले आणि बोलायलाच येईना, म्हणून फोन सरांच्या हातात दिला.

परत येताना सगळे दुकानात उतरले. गंगासागरनं चहा ठेवला. मी रुद्राणीला विचारलं, इतके दिवस तू स्वतः काहीच का बोलली नाहीस. ती दिवसभरात पहिल्यांदाच मोठं वाक्य बोलली.

“बोलले असते तर वैष्णवीचा शर्ट परत द्यावा लागला असता. मंग पळायचं कशात?”

नाव गेलं तरी चालेल, पळणं राहिलं पाहिजे, असा हिशेब त्या चिमणीनं केला होता आणि मी नावांचं दुकान मांडून बसलो होतो. मी नवा तांब्या घेतला, यंत्र सुरू केलं आणि सावकाश नाव टाकलं. रुद्राणी. तालुका खो-खो. ४ मिनिटे १० सेकंद. तिनं तो हातात घेऊन अक्षरांवरून बोट फिरवलं.

वैष्णवी वरच्या फळीकडं बघत होती. तिला वाटलं असणार, तिचा तांब्या आता आमच्या घरी जाणार, कौशल्याबाईंच्या शेजारी. मी स्टुलावर चढून तो खाली काढला. वर तेच होतं, वैष्णवी, तालुका खो-खो, ४ मिनिटे १० सेकंद. त्यातलं एकही अक्षर मी खोडलं नाही. फक्त खाली, मोकळ्या जागेत, आणखी एक ओळ टाकली. हिच्या शर्टात रुद्राणी पळाली.

वडिलांपासून चालत आलेल्या त्या फळीवरून नाव चुकलेलं भांडं पहिल्यांदाच ज्याचं त्याच्या घरी गेलं. गंगासागरनं चहाचे कप ठेवता ठेवता ती ओळ वाचली, आणि आता लिहून टाका, तुम्ही पाहिलंय, असं म्हणाली.